टी पेशी आणि बीपी

कुणीतरी विचारलंय, की बीपीचा प्रतिकारशक्तीशी संबंध असेल तर काढे पिऊन ती वाढवली की बीपी उतरेल का? छे हो, प्रकार उलटा आहे. इथे प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, नको तिथे लुडबुड करते.

२००७ साली अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या डेव्हिड हॅरिसन यांच्या गटाने एक झकास प्रयोग प्रसिद्ध केला. टी आणि बी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीचं काम करणाऱ्या पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार, जन्मतःच नसलेले उंदीर घेतले आणि त्यांना अँजिओटेन्सिन-२ दिलं. एरवी या हार्मोनने उंदराचं बीपी चांगलंच चढतं, यांचं तेवढं चढलं नाही. मग त्यांच्यात टी पेशी सोडल्या, तर बीपी नेहमीसारखं वर! बी पेशी सोडून मात्र ढिम्म फरक नाही. मला हा शेवटचा भाग सगळ्यात पटतो, कारण चोर नेमका कोण ते कळलं.

या टी पेशी रक्तवाहिन्यांभोवतीच्या चरबीत आणि मूत्रपिंडात जमतात, इंटरल्यूकिन-१७सारखी सूज आणणारी रसायनं सोडतात. वाहिन्या ताठरतात, मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं.

मग सूज उतरवणाऱ्या गोळ्या घ्याव्यात का? मुळीच नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकने बीपी वाढू शकतं, कारण त्यांनीही शरीरात मीठ-पाणी साठतं. गुडघेदुखीसाठी या रोज घेत असाल तर डॉक्टरांच्या कानावर घालाच. आणि सायक्लोस्पोरिनची गंमत बघा: टी पेशींना दाबणारंच औषध, पण मूत्रपिंडाच्या वाहिन्या आवळतं म्हणून बीपी चढवतं.