मदत करणाऱ्या मुली पुष्कळ, मैत्रीण एकही नाही

तिसराबाक (प्रश्न):

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे शरीराच्या हालचालींवर ताबा कमी असण्याची अवस्था, आहे. ती वॉकर घेऊन चालते, आणि तिच्या बोलण्याची सवय नसलेल्या माणसाला ते पहिल्या खेपेस समजत नाही. ती पहिलीपासून सर्वसाधारण शाळेत शिकते आणि अभ्यासाबाबत माझी काही तक्रार नाही. वर्गातल्या मुली तिचे दप्तर उचलतात, दार धरून ठेवतात, पाण्याची बाटली भरून आणतात आणि मधली सुट्टी झाली की खेळायला निघून जातात. मागच्या महिन्यापासून वर्गशिक्षिकांनी तिच्याजवळ बसण्याच्या पाळ्या लावून दिल्या आहेत. हेतू चांगलाच होता; परंतु पहिल्याच आठवड्यात मुलीने घरी येऊन मला विचारले, "आई, मी पाळी आहे का?"

याच संदर्भात दुसरी काळजी माझ्या धाकट्या भावाची आहे. तो चौतीस वर्षांचा असून त्याला बौद्धिक अक्षमता आहे. प्रशिक्षण केंद्र सुटल्यापासून त्याचा दिवस घरातच जातो, आणि त्याच्या आयुष्यातला प्रत्येक माणूस एकतर नातेवाईक आहे, नाहीतर त्याच्यासोबत असण्याचे पैसे घेणारा आहे. मैत्री बाहेरून घडवून आणता येते का? येत असेल, तर आम्ही नेमके काय करावे आणि काय करणे थांबवावे?

खडूफळा:

ताई, मी विशेष शिक्षिका आहे आणि अशा पाळ्या मी स्वतःही एकेकाळी लावलेल्या आहेत, म्हणून प्रथम त्यांविषयीच लिहिते. पाळी लावल्याने सोबत मिळते, परंतु त्याच क्षणी दोन मुलींपैकी एक देणारी आणि दुसरी घेणारी ठरते, आणि हे नाते एकदा वर्गात रुजले की ते मोडणे फार कठीण जाते. मदत करणाऱ्या मुलीला बक्षीस किंवा प्रशस्तिपत्र देणे तर मला सरळसरळ चुकीचे वाटते, कारण तुमच्या मुलीसोबत बसणे हे कष्टाचे काम आहे असेच त्यातून साऱ्या वर्गाला कळते.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये असे मांडले होते, की वेगवेगळ्या गटांतील माणसे नुसती एकत्र आणल्याने पूर्वग्रह जात नाहीत. दोन्ही बाजूंचा दर्जा समान असावा लागतो, उद्दिष्ट सामाईक असावे लागते, ते गाठण्यासाठी एकमेकांची गरज लागावी लागते आणि वरच्या अधिकाऱ्यांचा त्याला पाठिंबा असावा लागतो. त्यांचा विषय प्रामुख्याने वांशिक भेदाचा होता, पण शाळेच्या वर्गाला हे चारही मुद्दे तंतोतंत लागू पडतात. म्हणून वर्गशिक्षिकांना पाळ्या बंद करून तीन-चार मुलींचा कायम गट करायला सांगा आणि त्या गटाला असे काम द्यायला सांगा, ज्यात तुमच्या मुलीच्या वाट्याचा भाग झाल्याशिवाय काम पुरे होणार नाही. भित्तिपत्रकाचा मजकूर निवडणे, नाटुकल्याची ध्वनिफीत सांभाळणे, प्रश्नमंजूषेचे प्रश्न काढणे, असे काहीही चालेल. मात्र तो भाग दाखवण्यापुरता नसावा. मुलांना असला खोटेपणा मोठ्यांच्या आधी कळतो.

दुसरी गोष्ट मदतनीसाची. तुम्ही लिहिलेले नाही, परंतु वर्गात मुलीसाठी कोणी ताई बसत असतील तर त्या कुठे बसतात ते अवश्य पाहा. मायकेल जिआंग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले होते, की मदतनीस मुलाला सतत चिकटून राहिल्याने वर्गमित्रांशी होणाऱ्या त्याच्या देवाणघेवाणीत अडथळा येतो. हे माझ्याही अनुभवाशी जुळते; मूल काहीतरी विचारायला येते आणि प्रश्न मात्र मदतनीसाला विचारते. मदतनीसाने अशा वेळी "तिलाच विचार" एवढेच म्हणावे आणि दोन बाके मागे सरकावे.

बोलणे न समजण्याबाबत वर्गाला थोडे शिकवावे लागेल, मात्र काय सांगायचे आणि कोणी सांगायचे हे मुलीला विचारूनच ठरवा. समजले नाही तर समजल्यासारखी मान हलवायची नाही, पुन्हा विचारायचे, आणि तिचे वाक्य आपण पुरे करायचे नाही, एवढे तीन नियम पुरतात.

चाकांवरून:

मी स्वतः सेरेब्रल पाल्सी असलेला प्रौढ माणूस आहे, म्हणून वरच्या उत्तरात एक भर घालतो. शाळेत माझ्याशी सगळेच चांगले वागत आणि त्याचाच मला कंटाळा आला होता. माझी पहिली खरी मैत्री भांडणातून सुरू झाली. एका मुलाने माझी चित्रकथांची वही नेली, ती परत केली नाही, आणि मी त्याच्यावर ओरडलो तेव्हा तोही माझ्यावर ओरडला. त्याआधी माझ्यावर कोणीच ओरडले नव्हते. आमच्या शिक्षकांनी धावत येऊन त्याला माफी मागायला लावली आणि आठवडाभर आमचे बोलणे बंद झाले. तो आठवडा मी अजून विसरलेलो नाही. मुलींमध्ये उद्या रुसवेफुगवे झाले तर कृपया लगेच मध्ये पडू नका.

दुसरे असे, की अपंगत्व नसलेली मैत्रीण मिळाली तरच समावेशन झाले, असे पालक नकळत धरून चालतात. मला ज्यांच्यासमोर काहीच समजावून सांगावे लागत नाही, असे माझे निम्मे मित्र स्वतः अपंग आहेत. स्वमग्न (ऑटिस्टिक) असलेले संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये दुहेरी सहानुभूतीची कल्पना मांडली. त्यांचे म्हणणे असे, की स्वमग्न आणि इतर माणसांमधली गैरसमजूत ही दोन्ही बाजूंची असते, एकाच बाजूची उणीव नसते. पुढे २०२० मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन यांच्या गटाने एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगण्याचा प्रयोग केला, तेव्हा केवळ स्वमग्न माणसांच्या साखळीत माहिती इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. मिश्र साखळीत मात्र ती अधिक गळाली. माझे अपंगत्व वेगळे आहे, तरीही हे वाचून मला माझेच अनुभव आठवले. मुलीला दोन्ही प्रकारच्या मैत्रिणी असू द्या.

थोरलाभाऊ:

मी तुमच्या भावाविषयी लिहितो, कारण माझ्या घरातही जवळपास हीच परिस्थिती होती.

प्रथम एक कागद घेऊन मध्यभागी भावाचे नाव लिहा आणि त्याभोवती चार वर्तुळे काढा: सर्वांत आत जिवाभावाची माणसे, मग मित्र, मग ज्यांच्याशी एखाद्या कामातून किंवा छंदातून गाठ पडते ती माणसे, आणि सर्वांत बाहेर पगारी माणसे. आमच्या कागदावर आतले आणि बाहेरचे वर्तुळ भरलेले होते आणि मधली दोन कोरी होती. चूक आम्ही केली ती अशी, की दुसरे वर्तुळ एकदम भरायला निघालो. ओळखीच्यांना "याचे मित्र व्हा" असे सांगितले. ते दोनदा आले आणि मग आले नाहीत. मैत्री बहुधा तिसऱ्या वर्तुळातून आत येते. त्यासाठी एकच जागा, तीच माणसे, ठरलेला वार आणि भावाला तिथे खरोखर करण्याजोगे काम, एवढे जुळवून महिनोन् महिने थांबावे लागते. वाचनालय, बाग, भजनाचा किंवा गाण्याचा गट, खेळाचा संघ, यांपैकी त्याला ज्याची ओढ असेल ते निवडा. तुम्हाला सोयीचे असेल ते नव्हे. स्पेशल ऑलिम्पिक्सच्या युनिफाइड स्पोर्ट्स या उपक्रमात बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघातून खेळतात, तेही पाहण्यासारखे आहे.

कॅनडातल्या ज्यूडिथ स्नो यांचे उदाहरण मला उपयोगी पडले. त्यांच्या शरीराची हालचाल अत्यंत मर्यादित होती आणि १९८०च्या सुमारास शुश्रूषागृहात त्यांची प्रकृती ढासळत असताना त्यांच्या मित्रमैत्रिणींनी एकत्र येऊन त्यांना स्वतंत्र राहता येईल अशी व्यवस्था मिळवून दिली. त्या गटातून पुढे आधारवर्तुळाची, म्हणजे एका माणसाच्या पाठीशी उभे राहून नियमित भेटणाऱ्या जवळच्या माणसांच्या गटाची, कल्पना पसरली. तिथे बैठकीचा विषय स्वतः ज्यूडिथ ठरवत असत. आपल्याकडे अशा बैठकीत त्या माणसाविषयी सगळे बोलतात आणि तो कोपऱ्यात बसून असतो.

भावाला कोणी पैसे मागितले तर काय करायचे, हे मात्र आधीच शिकवा. एकाकी माणूस मैत्री टिकवण्यासाठी खिसा रिकामा करतो. तरीही या भीतीने त्याला घरात ठेवणे हा उपाय नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अपंगत्वविषयक कराराच्या कलम १९ मध्ये एकटेपणा आणि समाजापासून तुटलेपण टाळण्यासाठी लागणारे साहाय्य हा हक्क म्हणूनच नोंदलेला आहे.

तिसराबाक:

सर्वांचे मनापासून आभार. मदतनीस ताई आहेत आणि त्या मुलीच्या शेजारीच बसतात, हे तुमचे उत्तर वाचेपर्यंत मला खटकलेही नव्हते. काल मुलीला विचारले, की वर्गातली कोण आवडते. तिने एका शांत मुलीचे नाव घेतले, जी कधीही मदतीला येत नाही. ती वहीच्या मागच्या पानावर घोडे काढते, आणि हिलाही घोड्यांचे वेड आहे. तिला घरी बोलवावे असे वाटते, परंतु मुलीचे बोलणे तिला समजले नाही तर दोघी अवघडून बसतील, ही भीती आहे.

खडूफळा:

बोलवा, पण गप्पा मारायला बोलवू नका. मोठा कागद, रंग आणि दीड तास एवढेच ठेवा. तुम्ही दुसऱ्या खोलीत राहा, आणि हाक आल्याशिवाय आत जाऊ नका. हात शेजारी चालू असताना शब्द कमी लागतात, आणि अडलेच तर मुलगी अक्षरफलकावर किंवा फोनवर टाइप करून दाखवू शकेल. ती येण्याआधी मुलीला एवढेच विचारून ठेवा, की घोड्यांपैकी कोणता भाग तिने काढायचा आणि कोणता मैत्रिणीने.