मदत हवी आहे: बिल वेळेवर भरूनही कार्डाचे नियम बदलले, बंद करू की बदलून घेऊ?

८ वर्षं एकच क्रेडिट कार्ड वापरतोय. दर महिन्याला पूर्ण बिल ऑटोपेने जातं, आजवर एकदाही लेट फी किंवा व्याज लागलेलं नाही. आता बँकेचा मेल आलाय: वार्षिक फी सुरू, रिवॉर्ड पॉइंट निम्मे आणि लिमिटही निम्मं. (आमच्याकडून व्याज सुटत नाही ना!)

फीपेक्षा लिमिटची धास्ती जास्त आहे. खर्च तोच, पण आधी लिमिटच्या २५ टक्के वापर दिसायचा, तो आता ५० दिसणार. म्हणजे एकही बिल न चुकवता क्रेडिट स्कोअर (कर्ज देताना बँका बघतात तो पतीचा आकडा) घसरू शकतो. त्यावर तोडगा म्हणून या महिन्यात स्टेटमेंट निघायच्या दोन दिवस आधीच अर्धी रक्कम भरून टाकली, म्हणजे स्टेटमेंटवर वापर कमी दिसेल.

कस्टमर केअरला दोनदा फोन केला. फी माफ नाही, पण बिनफीच्या कार्डात बदलून देऊ म्हणाले. खातं तेच राहणार का, यावर मात्र दोघांची दोन उत्तरं. दुसरं कार्ड आहे, पण जेमतेम वर्षाचं, म्हणजे जुना रेकॉर्ड आहे तो याच कार्डाचा. ६ महिन्यांत गृहकर्जाचा अर्ज करायचाय, त्यामुळे नवीन कार्ड सुचवू नका.

कोणी असं कार्ड बदलून घेतलंय का? क्रेडिट रिपोर्टमध्ये खातं उघडल्याची जुनी तारीख राहिली, की नवी पडली?