पणजीत पहिल्यांदाच ब्लॅकजॅक खेळणार, तयारी कशी करू?

रंकाळावेस (कोल्हापूर)
पुढच्या महिन्यात मित्रांबरोबर मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर जातोय. 20,000 रुपये बाजूला काढलेत, गेले तरी घरखर्चाला धक्का नाही. किमान पैज 500 धरलीय. पान कधी घ्यायचं, कधी थांबायचं हे लवकर पाठ कसं होईल? आणि एक मित्र म्हणतो, हरलं की पैज दुप्पट करत जायची, एका विजयात सगळं भरून निघतं. खरं आहे का?

मांडवीकाठ (पणजी)
आधी एक्का नसलेले हात पक्के करा, निम्म्याहून जास्त खेळ तिथेच आहे. पानांची बेरीज 13 ते 16 असताना डीलरचं (कॅसिनोतर्फे खेळणाऱ्याचं) उघडं पान दुर्री ते छक्की असेल तर थांबा, सत्ती किंवा वरचं असेल तर पान घ्या. 12 वर फक्त 4, 5, 6 समोर थांबायचं. 17 किंवा त्याच्या पुढे पान घेऊ नका. 11 वर डबल, म्हणजे पैज दुप्पट करून एकच पान घ्यायचं. 10 वर डीलरच्या 2 ते 9 समोर डबल. 9 वर 3 ते 6 समोर.

सगळे चुकतात ते 16 विरुद्ध दश्शी (गुलाम, राणी, राजाही दहाच धरतात). पान घेतलं तर 13 पैकी 8 पानं तुम्हाला 21 च्या वर नेऊन बाद करतात, म्हणून हात आखडतो. पण थांबलात तर डीलर स्वतः बाद झाला तरच जिंकता, आणि दश्शीवरून तो चारातून एकदाही धड बाद होत नाही. दोन्ही वाईट, घेणं थोडं कमी वाईट.

एक्का 11 किंवा 1 धरता येतो. एक्का-सत्ती दिसायला 18, पण डीलरकडे 9, 10 किंवा एक्का असेल तर पान घ्या. एक्का-छक्कीवर तर कधीच थांबू नका. दश्शी आणि पंजीची जोडी फोडायची (स्प्लिट, म्हणजे दोन वेगळे हात करायची) नाही. एक्के आणि अठ्ठ्या फोडायच्या.

घरी कॅट पिसून मुद्दाम 12 ते 16 चेच हात मांडा, डीलरचं एक पान उघडा आणि उत्तर मोठ्याने सांगा. रोज 50 हात.

फोंडेकर
दुप्पटीचा हिशेब मांडून बघा: 500, 1000, 2000, 4000, 8000. पाच हात हरलात की 15,500 गेले, सहाव्याला 16,000 हवेत आणि तुमच्याकडे उरलेत 4,500. जिंकला असतात तरी हाती आले असते 500. वर टेबलाची कमाल मर्यादा आड येते ती वेगळीच.

प्रत्येक हाताला सारखेच 500 लावा. डबल आणि स्प्लिटला जास्तीचे लागतात, म्हणून किमान पैजेच्या 40 पट रक्कम हवी; तुमची नेमकी तेवढी आहे. टेबल 1000 चं निघालं तर त्यावर बसू नका. चांगल्या नियमांत अचूक खेळलात तर घराचा, म्हणजे कॅसिनोचा, फायदा साधारण अर्धा टक्का: तासाला 60 हात म्हणजे 30,000 ची उलाढाल, सरासरी नुकसान 150. पण एका तासात चार-साडेचार हजार वरखाली होणं अगदी नेहमीचं आहे, तेव्हा बिथरून पैज वाढवू नका.

टेबलावर ब्लॅकजॅकला (पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाचं पान) 3:2 लिहिलंय का, ते बसण्याआधी वाचा. 6:5 असेल तर नुकसान जवळपास चौपट होतं. इन्शुरन्स (डीलरचा एक्का उघडा असताना त्याचा ब्लॅकजॅक निघेल यावरची वेगळी पैज) नकोच: 13 पैकी 4 पानंच दहाची, आणि मिळतात दुप्पट.

रंकाळावेस
देव बरें करूं! डीलर दुसरं पान शेवटीच घेत असेल तर काही बदलतं का?

मांडवीकाठ
बदलतं. त्याचा ब्लॅकजॅक निघाला तर डबल-स्प्लिटचे जास्तीचेही पैसे जातात. म्हणून दहा किंवा एक्क्यासमोर 11 डबल करू नका, अठ्ठ्या फोडू नका. फक्त पान घ्या. एक्के मात्र दहासमोर फोडा, एक्क्यासमोर नको.

फोंडेकर
चिपा घेताना जीएसटीचं विचारा. 1 ऑक्टोबर 2023 पासून तो भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के आहे. तुमच्या 20,000 तून तो कापला जाणार की वेगळा, यावरच 40 पटीचा हिशेब टिकतो. कापला गेला तर हात त्याच प्रमाणात कमी खेळा, पैज वाढवून भरून काढायला जाऊ नका. वयाच्या पुराव्यासाठी ओळखपत्र ठेवा, 21 पूर्ण लागतात. आणि सोबत गोव्याचा मित्र असेल तर त्याला आधीच कळवा, स्थानिकांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे.