मदत हवी आहे: तंगाखाली (खोगीर पोटाखालून आवळायच्या पट्ट्याखाली) घोडीची कातडी सोलवटतेय

घोडी माळेगावच्या बाजारातली, पाच वर्षांची. रविवारी तासभर रपेट झाली की पुढच्या पायाच्या कोपरामागे चार बोटं रुंद पट्ट्यातले केस गेलेले दिसतात. कातडी लाल, पण फुटलेली नाही. तंग सुती आहे, आत दोन बोटं जातील एवढाच आवळतो. ती पोट फुगवते, म्हणून दहा मिनिटं चालवून पुन्हा एक भोक ओढतो. खरारा आधी होतोच.

संशय धुण्यावर आहे. तंग घरच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये पावडर टाकून निघतो, त्यात आमचं बोअरचं पाणी जड. वाळला की पापडासारखा कडक. नुसत्या पाण्यात खळबळून घामाचं मीठ निघेल का? की सरळ निओप्रीनचा (मऊ रबरी फोमचा) घ्यावा? उन्हात त्याखाली घाम जास्त साचतो म्हणतात. तोवर खोगीर बंद, दोरीवरच फिरवतोय. नांदेड-परभणीकडे तंग शिवून देणारा कुणी आहे का?