"प्रार्थना करून सांगते" ही पळवाट आहे का?

शेवंती
सर्वांना जय ख्रिस्त.

गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी मला दारातच गाठलं. संडे स्कूलच्या मुख्य शिक्षिका जूनपासून नसणार, ते काम मी घ्यावं असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "प्रार्थना करून सांगते." शेजारी मंडळीच्या कमिटीतले एक ज्येष्ठ पंच उभे होते. ते लगेच म्हणाले, "बाई, नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हणा. मध्ये देवाला कशाला आणता?" चारचौघांत बोलले. घरी येईपर्यंत डोळ्यांतलं पाणी खळेना.

मी ते मनापासून म्हटलं होतं. दोन वर्षांपूर्वी वार्षिक सभेत महिला मंडळाच्या खजिनदारपदासाठी कुणीतरी माझं नाव सुचवलं, सगळ्यांनी हात वर केले आणि मी उभ्या उभ्या होकार दिला. त्याच वर्षी मुलीची दहावी, शिवाय सासूबाईंचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा. पावत्या बिस्किटांच्या डब्यात टाकत गेले, वही लिहायची राहत गेली. मार्चमध्ये हिशेबाला बसले तर २,३४० रुपयांचा मेळ बसेना. घरातले भरले. कुणी एका शब्दानं बोललं नाही, पण पुढचे दोन महिने प्रभुभोजनासाठी मेजाशी जायला माझे पाय उचलले नाहीत.

तेव्हापासून पवित्र शास्त्रातल्या यहोशवाच्या पुस्तकाचा ९वा अध्याय माझ्या मनातून जात नाही. गिबोनी लोक फाटके बुधले आणि बुरसटलेल्या भाकरी घेऊन आले, फार लांबून आलोय म्हणाले. इस्राएलाच्या वडीलधाऱ्यांनी शिधा पाहिला, परमेश्वराला मात्र विचारलं नाही आणि शपथ घेऊन करार केला. तीन दिवसांत कळलं की हे तर शेजारचेच! पण शपथ मोडता येईना. पुढे शौल राजानं गिबोन्यांवर हात उचलला आणि दाविदाच्या काळात तीन वर्षं दुष्काळ पडला. दिलेला शब्द इतका जड असतो. मग तो देण्याआधी गुडघे टेकले तर माझं काय चुकलं?

जुना_पंच
ताई, चारचौघांत बोलणं चुकलंच त्यांचं. तुमच्या मनाला लागलं ते साहजिक आहे.

पण त्यांच्या मनात काय असेल ते मला ठाऊक आहे, कारण मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीत मी २२ वर्षं काढली आहेत. "प्रार्थना करून सांगतो" म्हणालेल्यांपैकी परत येऊन खरोखर काही सांगणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांना आपणच दोन-दोनदा विचारायचं, मग आपणच समजून घ्यायचं. एका वर्षी आमच्याकडे छोट्यांचा वर्ग चार रविवार असाच बंद राहिला. पाचव्या रविवारी मी मागच्या खोलीत डोकावलो, तर सातवीतली एक मुलगी चटईवर दहा-बारा पोरं गोळा करून दाविद आणि गल्याथाची गोष्ट सांगत होती. गोफण म्हणून स्वतःची ओढणी फिरवत होती. तिनं कुणाची परवानगी घेतली नव्हती, चिन्हाची वाट पाहिली नव्हती.

लेकरांना वचन शिकवावं की नाही, हे देवानं आधीच सांगून ठेवलंय. सांगितलेलं पुन्हा विचारायचं म्हणजे चालढकल. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या. समोर भुकेलं लेकरू असताना "थांब, विचारून येते" असं म्हणता येतं का?

सिस्टर_मिरज
पंचसाहेब, रमाबाईंचं उदाहरण तुमच्या बाजूचं नाही. ती बाई प्रार्थनेवरच जगली. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झालं, ते मुलींच्या प्रार्थनेच्या गटांतून उभं राहिलं. दुष्काळात चटकन निघता आलं, कारण देवाशी बोलणं रोजचंच होतं.

शास्त्रातला नहेम्या पाहा, परक्या राजाचा प्यालेबरदार. यरुशलेमेच्या पडक्या भिंतीची बातमी किसलेव महिन्यात कळली, राजापुढे तो बोलला नीसान महिन्यात. मधले चार महिने उपास आणि प्रार्थना. पण राजानं "तुझी मागणी काय?" असं विचारलं, तेव्हा स्वर्गीय देवाची प्रार्थना करून तो लगेच बोलला. ती प्रार्थना एका श्वासाचीच असणार. आधीचे चार महिने नसते तर तो एक श्वास पुरला नसता.

मी वॉर्डात काम करते. दमलेल्या माणसाचा "हो" कसा असतो ते रोज बघते. सलग दोन नाइट करून तिसरीला हो म्हणणारी मुलगी चांगली असते, पण औषधाच्या ट्रेशी तिचा हात थरथरतो.

दुबईहून
माझा अनुभव सांगतो. इथली नोकरी घ्यायची की नाही कळत नव्हतं. रात्रभर प्रार्थना केली, पहाटे डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडलं, बोट ठेवलं. अब्राहामाला "आपला देश सोड" म्हटलं ते वचन आलं. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. सात वर्षं झाली, देवानं काही कमी पडू दिलं नाही. शास्त्रातल्या गिदोनानं लोकर ठेवून देवाकडे खूण मागितली होतीच ना? शेवंतीताई, तुम्हीही मागा. तो उत्तर देतो.

वसईकर
दुबईकर बंधू, देवानं तुम्हाला सांभाळलं याचा आनंद आहे. पण हा मार्ग दुसऱ्याला सुचवू नका. बोट इफ्ताहाच्या नवसावर पडलं असतं तर, ज्यापायी त्याला स्वतःची मुलगी द्यावी लागली? गिदोनाला लढायची आज्ञा आधीच मिळाली होती, लोकर त्याच्या भीतीपायी आली. आणि यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या त्या पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या, आधी. पवित्र आत्मा उतरल्यावर प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्याचं नव्या करारात कुठे वाचायला मिळत नाही. त्यानंतर ते एकत्र बसतात, बोलतात, वाद घालतात.

आम्हा कॅथलिकांत निर्णय कसा घ्यावा याबद्दल संत इग्नेशियस लोयोलांची शिकवण आहे. आमच्या धर्मग्रामात एका रिट्रीटला फादरांनी ती करून घेतली. कागदाच्या एका बाजूला घेण्याची कारणं, दुसऱ्या बाजूला न घेण्याची. मग कल्पना करायची की एक अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आपल्याकडे आलाय, त्याला आपण काय सांगू? मग स्वतःची मरणाची घटका डोळ्यांसमोर आणायची. त्या वेळी आज काय ठरवलेलं असावंसं वाटेल? अनोळखी माणसापाशी माझा पेन थांबला होता. त्याला मी सरळ "नको घेऊस" म्हटलं असतं, आणि स्वतः मात्र मोठेपणासाठी घ्यायला निघालो होतो.

आणखी एक, ताई. मन खचलेलं असताना आधीचा निर्णय फिरवू नये, असंही ते सांगतात. पंचांच्या बोलण्यानं दुखावलेल्या मनानं 'नाही' म्हणू नका.

नगरकर
सगळे देवाला विचारण्याबद्दल बोलताय. घरच्यांचं काय?

आमच्या नगरच्या मातीत हे फार झालंय. "देवानं बोलावलं" म्हणून घरातला माणूस सेवेला निघतो, आणि त्याचा भार कुणाच्या डोक्यावर पडतो? कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना ते नंतर कळलं. पुढची कितीतरी वर्षं त्या माउलीनं पोराला घेऊन ताटातूट सोसली. त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या आणि मराठीला 'स्मृतिचित्रे'सारखं केवढं लेणं देऊन गेल्या, ते खरं. टिळकांबद्दल मला अपार आदर आहे. तरी ती वर्षं वाचताना गळा दाटतो. माझे वडील सुवार्तिक होते. सुगीच्या सणाला सगळ्या गावाच्या घरी जायचे, आमच्याच घरी नसायचे. आईला त्यांनी एकदा जरी विचारलं असतं!

लूकाच्या १४व्या अध्यायात प्रभू म्हणतो, बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. घरात हा खर्च कोण भरणार, ते त्याच माणसाला विचारा.

शेवंती
सर्वांचे आभार. नगरकर, तुमचं वाचून मी पेन खाली ठेवला आणि उठून मुलीच्या खोलीत गेले.

ती आता बारावीला जाईल. विचारलं तर म्हणाली, "आई, खजिनदार होतीस तेव्हा तू रात्री डबा उघडून रडायचीस. मला दिसायचं." मला वाटत होतं ती झोपलेली असते.

पंचसाहेबांचंही पटलं. नुसतं "सांगते" म्हणून आपण समोरच्याला टांगून ठेवतो. म्हणून पाळकसाहेबांना फोन करून बुधवारपर्यंतची मुदत मागितली, आणि मंगळवारीच कळवलं. मुख्य शिक्षिकेचं काम नको, सासूबाईंचं डायलिसिस चालूच आहे. छोट्यांचा वर्ग घेते, एक वर्षासाठी.

जुना_पंच
बुधवार म्हणून मंगळवारी सांगितलंत, हे आवडलं. तरी मुख्य शिक्षिकेची जागा रिकामीच राहिली ना, ताई? जूनमध्ये वर्ग सुरू होतात, आणि ही काळजी करायला त्या पंचांशिवाय दुसरं कुणी नसेल. माझं मत बदललेलं नाही.

शेवंती
हो, रिकामीच आहे. आता रोजच्या प्रार्थनेत त्या जागेचं नाव घेते. आणि त्या पंचांचंही.