होल्ड, पकड, खोबणी : नेमकं काय लिहायचं?

अर्धंपेर : आमच्या क्लाइंबिंग ग्रुपच्या अंकासाठी अमेरिकेतल्या स्मिथ रॉकवरच्या 'टू बोल्ट ऑर नॉट टू बी' या रूटवर, म्हणजे चढाईच्या वाटेवर लिहितोय. १९८६ साली जाँ-बाप्तिस्त त्रिबू या फ्रेंच क्लाइंबरनं तो चढला. ५.१४ या काठिण्यश्रेणीचा अमेरिकेतला पहिला रूट. भिंत जवळजवळ सरळ उभी, धरायला मात्र नखाएवढंच काहीतरी. मी लिहिलं, 'बारीक नैसर्गिक खोबण्या'. अंक तपासणाऱ्या काकांनी खोबण्या खोडून 'पकडी' केलं. आता वाक्य असं वाचलं जातं : 'पकडी इतक्या बारीक की बोटांची पकड बसत नाही.' सुचवा काहीतरी.

मावळातला : खोबण्या खोडल्या ते बरंच झालं. खोबणी म्हणजे छिन्नीनं केलेली. हरिहरच्या पायऱ्यांच्या कडेला हात रोवायला आहेत, त्या खोबण्या. आणि स्पोर्ट क्लाइंबिंगमध्ये होल्ड, म्हणजे धरायची जागा, कोरला की आपसूक होता, यावरून लोक एकमेकांचं तोंड बघत नाहीत. तिथे हा शब्द नकोच.

ओट्यावरून : खोबण कोरलेलीच असते, हे कुणी ठरवलं? डोळ्यांची खोबण कुठल्या सुतारानं केली?

मावळातला : डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून कुणी चढत नाही.

शुद्धमती : मुळात 'क्लाइंबिंग', 'रूट', 'होल्ड' इतकं सगळं उसनं घेऊन एका शब्दावर काथ्याकूट कशाला? प्रस्तरारोहण हा रूढ शब्द आहे. त्याच धर्तीवर हस्ताधार, पदाधार आणि बारीक असेल तर नखाधार. अर्थ आपोआप कळतो.

ओट्यावरून : खालून 'उजवीकडचा नखाधार घे' असं ओरडून होईपर्यंत वरचा दोरावर लोंबकळत असेल. आमची पोरं 'उजवीकडे क्रिंप आहे' म्हणतात आणि तेवढ्यात काम होतं.

शुद्धमती : ओरडण्याची भाषा आणि छापण्याची भाषा एक नसते.

सतारवाली : नुसतं 'नखी' का नाही? माझ्या डोक्यात मात्र आधी तारेची नखीच येते, हेही खरं. रियाझानंतर तर्जनीवर वळ उठतो तो हिच्यामुळेच.

फिजिओताई : एक घोळ आधी निस्तरू. होल्ड दगडाचा असतो, क्रिंप हाताचा. पूर्ण क्रिंपमध्ये बोटाचं शेवटचं पेर मागे वाकतं, मधला सांधा घट्ट दुमडतो आणि अंगठा तर्जनीवर चढून बसतो. त्यात कंडरेला हाडाशी धरून ठेवणाऱ्या ए-टू पुलीवर प्रचंड ताण येतो. बहुतेक वेळा अनामिकेची जाते. म्हणून काकांचं वाक्य बिघडलं : दगडातलं आणि हातातलं, दोन्हीला 'पकड'. मराठीत हाताच्या आकारांना शब्द कमी नाहीत. मूठ, चिमूट, पसा, ओंजळ, कव. पण चिमूट इथे चालणार नाही, ती 'पिंच'च्या, म्हणजे अंगठा आणि बोटांत चिमटून धरण्याच्या वाट्याला गेली.

अर्धंपेर : हे पटलं. म्हणजे दगडासाठी वेगळा शब्द हवा.

ओट्यावरून : कंगोरा! फारसी 'कुंगुरा', म्हणजे तटावरचे दाते. किल्ल्यांच्या मुलखात याहून चपखल काय असणार? आमचे आजोबा तर म्हणायचे की कंगवाही त्यातलाच, दोन्हीला दाते.

शुद्धमती : कंगवा संस्कृत 'कङ्कत'वरून. दाते मोजून व्युत्पत्ती ठरत नाही. आणि फारसी चालते तर इंग्रजीनं काय घोडं मारलंय? हे मी तुमच्याच बाजूनं बोलतोय, लक्षात घ्या.

काळापाषाण : दगडही बघा की. स्मिथ रॉक म्हणजे टफ, ज्वालामुखीची राख घट्ट होऊन झालेला. त्यातून बारीक गाठी आणि धारा बाहेर आलेल्या असतात. तिथे कंगोरा शोभेल. आपला बेसाल्ट लाव्हाचा. वायूचे बुडबुडे राहिले तिथे पोकळ्या, कधी त्यात झिओलाइट हे खनिज. तिथे बोट आत जातं, म्हणून खाच किंवा भोक. बदामीचा वालुकाश्म आणखी वेगळा, आडव्या थरांचा. एकच शब्द तिन्हीकडे लावायचा हट्ट कशाला?

मावळातला : टवका? कपची?

काळापाषाण : टवका उडून गेल्यावरची जागा, कपची उडालेला तुकडा. कपचीवर भार टाकू नका, एवढंच सांगतो.

अर्धंपेर : ठीक, 'बारीक नैसर्गिक कंगोरे' लिहितो. पुढच्याच ओळीत 'रेडपॉइंट' आहे. तो तसाच ठेवू ना?

शुद्धमती : का म्हणून? 'तांबडा ठिपका' असं सरळ आहे की.

मावळातला : मूळ जर्मन शब्दाचा अर्थही तोच आहे. १९७५ मध्ये जर्मनीतल्या फ्रांकेनयुरात कुर्ट आल्बर्ट या क्लाइंबरनं सुरू केलं. ठोकलेल्या खिळ्यांना न धरता, न लटकता अख्खा रूट गेला की पायथ्याशी तो लाल रंगाचा ठिपका काढायचा.

ओट्यावरून : आपल्याकडे कड्याच्या पायथ्याशी तांबडा ठिपका काढलात तर पुढच्या शनिवारी तिथे नारळ फुटलेला असेल.

सतारवाली : आणि पावसाळ्यानंतर पत्र्याची शेड. 😄

शुद्धमती : देवाला लावतात तो शेंदूर, त्याचा रंग शेंदरी. तांबडा वेगळा, लाल वेगळा. तांबडी माती म्हणतो, लाल दिवा म्हणतो. आल्बर्टच्या डब्यात नेमका कुठला रंग होता?

मावळातला : मराठीत लाल आणि तांबडा एकच आहेत.

शुद्धमती : मग कोल्हापुरात जाऊन लाल रस्सा मागून बघा.