कोल्ड फ्यूजन: ट्रॉम्बेचं काम पुन्हा सुरू करावं का?

अनिकेत_ठाणे
२३ मार्च १९८९ ला सॉल्ट लेक सिटीत फ्लाइशमन आणि पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेतली. जड पाण्यात (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा जड प्रकार, ड्युटेरियम असतो) पॅलेडियम धातूची कांडी बुडवून वीज सोडली की घातलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता निघते, आणि ती ड्युटेरियमच्या संलयनातून, म्हणजे अणुकेंद्रकं एकत्र जुळण्यातून येते, असा त्यांचा दावा. नेहमीच्या तापमानाला होणारं हे संलयन म्हणजेच कोल्ड फ्यूजन. वर्षभरात जगाने तो मोडीत काढला. पण ट्रॉम्बेच्या आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, पी. के. अय्यंगार संचालक असताना, वेगवेगळ्या गटांनी हे प्रयोग केले आणि ट्रिटियम (हायड्रोजनचा आणखी जड, किरणोत्सर्गी प्रकार) सापडल्याचं नोंदवलं. ट्रिटियम रासायनिक क्रियेतून तयार होत नाही, त्याला अणुकेंद्रकातली क्रिया लागते. ही माणसं हौशी नव्हती, ट्रिटियम मोजणं हे त्या केंद्रातलं नेहमीचं काम. सरकारने यात पुन्हा पैसे घालावेत असं माझं ठाम मत आहे.

पदार्थवेडी
साफ असहमत. ड्युटेरियमचं संलयन झालं की जवळपास निम्म्या वेळा न्यूट्रॉन निघतो, निम्म्या वेळा ट्रिटियम. त्या हिशेबाने एक वॅट उष्णतेमागे सेकंदाला सुमारे एक लाख कोटी न्यूट्रॉन! त्या किरणोत्सर्गात टेबलाशी उभा असलेला माणूस वाचला नसता. आणि ट्रॉम्बेच्या नोंदींतही ट्रिटियमच्या मानाने न्यूट्रॉन नगण्यच आहेत. हे संलयन असेल तर न्यूट्रॉन गेले कुठे?

अनिकेत_ठाणे
ताई, तो हिशेब केंद्रकं मोकळ्या जागेत एकमेकांवर आदळतात तेव्हाचा. धातूच्या अणूंच्या जाळीत ड्युटेरियमचे अणू दाटीवाटीने बसतात, तिथे वेगळं काही घडत असेल तर?

पदार्थवेडी
दाटी कुठली? पॅलेडियममध्ये शिरलेले ड्युटेरियमचे अणू साध्या ड्युटेरियम वायूच्या रेणूतल्या दोन अणूंपेक्षा एकमेकांपासून लांब असतात. आणि वायूच्या बाटलीत संलयन होत नाही. ट्रिटियमचं म्हणाल तर जड पाण्यात ते आधीपासून थोडं असतंच, आणि वीज सोडत राहिलं की उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढत जातं.

मुलामा
मी प्लेटिंगच्या धंद्यातला, म्हणून उष्णतेबद्दल बोलतो. टाकी नीट ढवळली नाही तर थर्मामीटर एका कोपऱ्यात एक सांगतो, दुसऱ्यात दुसरंच. कॅलटेकच्या नेथन लुईस यांनी १९८९ च्या मे महिन्यात बाल्टिमोरच्या सभेत याच मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. शिवाय विजेमुळे पाण्यातून सुटलेले हायड्रोजन-ऑक्सिजन भांड्यातच पुन्हा एकत्र आले तर ती उष्णता फुकटची वाटते. या दोन गोष्टी सांभाळल्याशिवाय कुठलाही आकडा मी मानणार नाही.

अनिकेत_ठाणे
मान्य, पण म्हणून शोध थांबवायचा का? गूगलच्या पैशावर काही वर्षं काम करून एका गटाने २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष दिले. संलयनाचा पुरावा मिळाला नाही, पण पॅलेडियममध्ये पुरेसं हायड्रोजन भरणं किती अवघड आहे ते कळलं आणि उष्णता मोजायची उपकरणं सुधारली. हे आपल्याकडे का होऊ नये?

पदार्थवेडी
धातू आणि हायड्रोजन या विषयाला पैसे मागा, पहिली सही माझी. ऊर्जेचा स्रोत म्हणून मागाल तर विरोध करीन. ज्या प्रयोगातून चहाचं आधणही खात्रीने येत नाही, त्याच्या नावावर वीजटंचाईतल्या लोकांना आशा दाखवू नये.

मुलामा
ताईंना +१. अनिकेत, ट्रॉम्बेचे जुने प्रयोग करायचेच तर तसेच करा, फक्त शेजारी तुलनेसाठी साध्या पाण्याचं दुसरं भांडं ठेवा आणि कुठल्या भांड्यात काय आहे ते मोजणाऱ्याला सांगू नका.